उष्णता कोणाकडून, तापमान कोणाचे?

काही वर्षांपूर्वी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका मुलीचे उत्तर आमच्यासमोर आले. प्रश्न साधा होता : 'बर्फ वितळताना काय घडते ते स्पष्ट करा.' तिने लिहिले होते, "बर्फाला उष्णता दिली तरी तो पूर्ण वितळेपर्यंत त्याची उष्णता वाढत नाही. दिलेली उष्णता वितळण्याच्या कामी खर्च होते." आम्ही लाल शाईने 'त्याची उष्णता वाढत नाही' या शब्दांखाली रेघ मारली आणि समासात लिहिले : 'उष्णता दिली तरी उष्णता वाढत नाही? विसंगत!' तीनपैकी एक गुण दिला आणि पुढच्या उत्तराकडे वळलो.

ते उत्तर विसंगत नव्हते, हे आमच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. त्या मुलीला विज्ञान समजले होते. तिच्याजवळ शब्द मात्र एकच होता आणि सांगायच्या गोष्टी दोन होत्या. इंग्रजीत या दोन गोष्टींना 'हीट' आणि 'टेम्परेचर' म्हणतात. आज सेमी-इंग्रजी वर्गांतून हे दोन्ही शब्द मुलांच्या कानांवर पडतात. मराठी माध्यमात त्यांची जागा 'उष्णता' व 'तापमान' यांनी घेतलेली असते. व्याख्या मुले पाठ करतात, पण घोळ तसाच राहतो. आमचे मत असे झाले आहे, की हा घोळ व्याख्येपेक्षा व्याकरणात अधिक आहे. म्हणून या दोन शब्दांकडे व्याकरणाच्या बाजूने पाहावे, आणि इंग्रजीतील जाणकारांनी सुचवलेले उपाय आपल्याला कितपत लागू पडतात तेही तपासावे, असा या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीत हे शब्द कसे वागतात?

'टेम्परेचर' हे इंग्रजीत फक्त नाम आहे, त्याचे क्रियापद होत नाही. 'हीट' हा शब्द नामही आहे आणि क्रियापदही. हा पहिला फरक.

दुसरा फरक वचनाचा. 'टेम्परेचर'ला 'अ' हे उपपद लागते, त्याचे अनेकवचनही सहज होते. दोन ठिकाणची दोन टेम्परेचर्स असतात. 'हीट' हा शब्द मात्र पाणी, वाळू, दूध यांच्यासारखा वापरला जातो. त्याच्यामागे 'मच' लागते, 'मेनी' लागत नाही. शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्यांना 'हीट्स' म्हणतात, पण तो निराळाच अर्थ झाला.

तिसरा फरक आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो शब्दयोगी अव्ययांचा. 'टेम्परेचर'बरोबर 'ऑफ' येते : अमुक वस्तूचे टेम्परेचर. किंवा 'ॲट' येते : अमुक टेम्परेचरला पाणी उकळते. 'हीट'बरोबर, निदान भौतिकशास्त्रात, 'फ्रॉम' आणि 'टू' येतात : यापासून त्याकडे. एक शब्द वस्तूची अवस्था सांगतो, तर दुसरा दोन वस्तूंमधील व्यवहार. चहाच्या कपाचे तापमान सांगायला कप एकटा पुरतो. उष्णतेविषयी बोलायला मात्र देणारा आणि घेणारा असे दोघे लागतात.

शब्दांची कुळेही वेगळी आहेत. 'हीट' हा मूळ इंग्रजी मातीतला, 'हॉट'चा भाऊबंद. 'टेम्परेचर' लॅटिनमधून आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ 'योग्य प्रमाणात मिसळणे' असा आहे. 'टेम्परामेंट' म्हणजे स्वभाव आणि 'टेम्परेट' म्हणजे समशीतोष्ण, हे त्याचेच नातेवाईक. भूगोलात आपण 'समशीतोष्ण कटिबंध' म्हणतो तेव्हा शीत आणि उष्ण यांच्या मिश्रणाची ती जुनी कल्पना मराठीतही बोलत असते. म्हणजे 'टेम्परेचर' हा शब्द पहिल्यापासून अवस्थेचा आहे. 'हीट'ने मात्र पुष्कळ रूपे बदलली.

ब्लॅक यांचीही तीच अडचण

स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. प्रथम ग्लासगो आणि पुढे एडिंबरो येथे त्यांनी शिकवले. १७६० च्या सुमारास त्यांनी बर्फाच्या वितळण्याकडे बारकाईने पाहिले. बर्फ वितळू लागण्याच्या बिंदूपर्यंत आला, की आणखी थोड्याशा उष्णतेने तो सगळाच्या सगळा पाणी होईल, अशी तेव्हाची समजूत होती. ब्लॅक यांचे म्हणणे असे, की तसे असते तर हिमप्रदेशात हवा थोडी ऊबदार होताच प्रचंड पूर आले असते. प्रत्यक्षात बर्फ सावकाश वितळतो. तो उष्णता घेत राहतो, पण तापमापीतील पारा हलत नाही. या उष्णतेला त्यांनी 'लेटंट' म्हणजे दडलेली म्हटले. आपल्या पुस्तकांतील 'अप्रकट उष्मा' तो हाच.

आज आपल्याला ठाऊक आहे, की शून्य अंश सेल्सिअसचा एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ जूल, म्हणजे जवळजवळ ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते. हा आकडा लहान नाही.

ब्लॅक यांनी हे शोध व्याख्यानांतून विद्यार्थ्यांना सांगितले. ती व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. उष्णतेची 'राशी' आणि उष्णतेची 'तीव्रता' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे ते आग्रहाने शिकवीत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'टेम्परेचर' हा शब्द हाताशी असूनही उष्णतेची राशी आणि उष्णतेची तीव्रता अशी फोड करून सांगणे त्यांना भाग पडले, कारण लोक एकाच 'हीट' शब्दाने दोन्ही गोष्टी बोलत होते. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या वाक्यातही नेमके हेच दोन अर्थ होते. ब्लॅक यांना आपण शोधाचे श्रेय देतो. तिला आम्ही एक गुण दिला.

ब्लॅक यांच्यानंतर 'हीट' म्हणजे एक अदृश्य द्रव आहे, हे मत बळावले. लाव्हाझिए यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांच्या यादीत 'कॅलरिक'लाही स्थान दिले. १७९८ मध्ये काउंट रम्फर्ड यांनी म्युनिक येथील तोफा कोरण्याच्या कामाचा दाखला देऊन दाखवले, की घर्षण चालू आहे तोवर उष्णता संपतच नाही. वस्तूत साठवलेला द्रव असा न संपता कसा निघेल? पुढे १८४० च्या दशकात जूल यांनी कार्य आणि उष्णता यांचा हिशेब मांडला आणि कॅलरिक मागे पडले. द्रव गेला, पण त्याची भाषा मागे राहिली. उष्णता 'वाहते', 'साठते', 'दडून राहते', वस्तूची उष्णता 'धारण' करण्याची क्षमता असते. हे सगळे बोलणे त्या द्रवाच्या काळातले आहे.

दोन टीकाकार, दोन उलट सल्ले

या भाषेवर पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनीच टीका केली आहे. मार्क झेमान्स्की यांचे 'हीट अँड थर्मोडायनॅमिक्स' हे पुस्तक आपल्याकडील महाविद्यालयांतही परिचित आहे. त्यांनी १९७० मध्ये 'द फिजिक्स टीचर' या नियतकालिकात 'हीट' शब्दाच्या वापराविषयी आणि गैरवापराविषयी लेख लिहिला. 'वस्तूतील हीट' असे म्हणू नये हा त्यांचा एक आक्षेप. 'हीट' हे क्रियापद म्हणून वापरू नये, हा दुसरा.

पुढे २००१ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'चे संपादक रॉबर्ट रोमर यांनी एक संपादकीय लिहिले. त्याचे शीर्षकच 'हीट हे नाम नव्हे' अशा अर्थाचे होते. त्यांचा सल्ला झेमान्स्कींच्या नेमका उलट : नाम टाळा, क्रियेची भाषा वापरा. उष्णता नावाची काही वस्तू नाही, ऊर्जा देण्याची ती एक रीत आहे, असा त्यामागचा विचार.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आधी रोमर यांची बाजू पाहू. आपण वस्तूवर कार्य करतो, तेव्हा तिची ऊर्जा वाढते. पण 'या वस्तूत किती कार्य आहे?' असे कोणी विचारीत नाही. मग 'या वस्तूत किती उष्णता आहे?' असे का विचारावे? बँकेचे उदाहरण घ्या. खात्यात आपण रोख भरणा करतो किंवा धनादेश टाकतो. पैसे एकदा जमा झाले, की पासबुकात शिल्लक दिसते. त्या शिल्लकेतला रोखीचा रुपया कोणता आणि धनादेशाचा कोणता, हे सांगता येत नाही. 'खात्यात भरणा किती आहे?' हा प्रश्नच चुकीचा, 'शिल्लक किती?' हा बरोबर. उष्णता आणि कार्य हे भरण्याचे दोन प्रकार आहेत. वस्तूत असते ती शिल्लक, म्हणजे आंतरिक ऊर्जा. (तापमान म्हणजे ही शिल्लक, असे मात्र समजू नये. एकाच तापमानाच्या पेल्याची आणि बादलीची शिल्लक निराळी असते. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या तर उष्णता कोणाकडून कोणाकडे जाईल, ते तापमान ठरवते.)

आता झेमान्स्कींची बाजू. क्रियापदात धोका कोणता? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते. तेथे आपण पंप विस्तवावर धरलेला नसतो. आपण दट्ट्या दाबून कार्य केलेले असते, तरी बोलताना पंप 'हीट' झाला असेच म्हटले जाते. म्हणजे क्रियापद 'तापमान वाढले' एवढेच सांगते. ते उष्णतेने वाढले की कार्याने, हे गुलदस्त्यात राहते.

मराठीत पेच वेगळा आहे

हे दोन्ही सल्ले इंग्रजीसाठी आहेत. ते जसेच्या तसे उचलून आपल्या वर्गात आणावेत काय? आम्हांला तसे वाटत नाही.

रोमर यांचा सल्ला मानून 'उष्णता' हे नाम टाळायचे ठरवले, तर मराठीत कोणते क्रियापद हाती येते? 'तापणे' आणि 'तापवणे'. या बाबतीत मराठी इंग्रजीहून सरस आहे. इंग्रजीत पाणी 'हीट' होते आणि आपणही पाणी 'हीट' करतो, शब्द एकच. मराठीत पाणी तापते आणि आपण ते तापवतो. पण या दोन्ही क्रियापदांत तापमान वाढणारच, असे आश्वासन दडलेले आहे. शून्य अंशाचा बर्फ 'तापवला' असे म्हटले, तर मुलांना बर्फाचे तापमान वाढले असेच वाटणार, आणि तेच तर घडत नाही! उकळत्या पाण्याचेही तसेच. शेगडी चालू असते, पाणी उष्णता घेत असते, पण ते आणखी तापत नाही. त्याची वाफ होत राहते. म्हणून 'तापवणे' हे विज्ञानातील उष्णता देण्याला पर्यायी होऊ शकत नाही. झेमान्स्कींचा क्रियापदावरील आक्षेप मराठीत दुपटीने खरा ठरतो. मराठीत आपल्याला नाम ठेवावेच लागेल.

पण ज्या नामावर आपण विसंबतो, त्याचीही एक खोड आहे. इंग्रजीत 'हीट' या नामामुळे मुलांना ती एक वस्तू वाटते, द्रवासारखी. मराठीत 'उष्णता' हे भाववाचक नाम आहे. मधुर-मधुरता, शुद्ध-शुद्धता, तसे उष्ण-उष्णता. उष्णता म्हणजे उष्ण असण्याचा गुण. गुण हा वस्तूच्या अंगी असतो. त्यामुळे 'पाण्याची उष्णता' हे शब्द ओठांवर आपोआप येतात, आणि त्यांचा अर्थ 'पाणी किती उष्ण आहे' असा, म्हणजे तापमानाचाच होतो. इंग्रजी शिकणारा मुलगा उष्णतेला पदार्थ समजून चुकतो, तर मराठी शिकणारा तिला तापमान समजून चुकतो. चूक निराळी, म्हणून उपायही निराळा हवा.

त्यात आपल्या बोलण्याची भर पडते. आंबे जास्त खाल्ले की 'उष्णता होते', तोंड आले की 'अंगात उष्णता वाढली'. वर्तमानपत्रांत 'उष्णतेची लाट' येते. भारतीय हवामान विभाग ती ठरवतो तापमानावरून : मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस हवे आणि ते सर्वसाधारण तापमानापेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक हवे. नाव उष्णतेचे, निकष तापमानाचा. इंग्रजीतही असे घोटाळे आहेतच; ताप आलेल्या माणसाला ते लोक 'टेम्परेचर आहे' म्हणतात, जणू निरोगी माणसाला तापमान नसतेच! रोजच्या बोलण्यातील हे प्रयोग चुकीचे ठरवून मुलांना टोकू नये. भाषेचा तो हक्क आहे. विज्ञानाच्या तासाला मात्र कोणता अर्थ चालू आहे, ते सांगायला हवे.

विभक्तीची कसोटी

आमचा उपाय व्याकरणातूनच आला आहे. 'तापमान' या शब्दाशी नाते षष्ठीचे : पाण्याचे तापमान, हवेचे तापमान. 'उष्णता' या शब्दाशी नाते पंचमीच्या आणि चतुर्थीच्या अर्थाचे : शेगडीपासून पातेल्याला, चहाकडून कपाला. म्हणून तापमानाला विचारायचा प्रश्न 'कोणाचे?' आणि उष्णतेला विचारायचा प्रश्न 'कोणाकडून कोणाला?' उष्णतेबरोबर देणे, घेणे, मिळणे, गमावणे ही क्रियापदे चालतात. तापमानाबरोबर असणे, वाढणे, उतरणे, स्थिर राहणे ही चालतात. तापमान कोणी कोणाला देत नाही.

या कसोटीवर नेहमीची काही वाक्ये घासून पाहा. 'गरम वस्तूत उष्णता जास्त असते आणि थंड वस्तूत कमी.' येथे 'कोणाकडून कोणाला?' याचे उत्तर मिळत नाही, म्हणून वाक्य संशयास्पद. हिशेब केला तर ते चूकही ठरते. शंभर ग्रॅम चहा ८० अंशांपासून ३० अंशांपर्यंत निवला, तर (चहा म्हणजे पाणीच धरून) तो भोवतालाला ५,००० कॅलरी देतो. आंघोळीचे पंधरा किलोग्रॅम पाणी ४० अंशांपासून ३० अंशांपर्यंत निवले, तर ते १,५०,००० कॅलरी देते, म्हणजे तीसपट. चहा जीभ भाजतो, बादली नुसती कोमट असते. पण देण्याच्या बाबतीत बादली मोठी.

दुसरे वाक्य : 'तापमापीने उष्णता मोजतात.' तापमापी हे नावच सांगते, की ती तापमान मोजते. दिलेली-घेतलेली उष्णता काढायला कॅलरीमापी लागतो आणि त्याच्या जोडीला वस्तुमान व विशिष्ट उष्माधारकताही लागते. तिसरे वाक्य : '५० अंशांच्या पाण्यात ५० अंशांचे पाणी मिसळले.' उत्तर १०० देणारे मूल दर वर्गात एखादे तरी निघतेच. त्याला सांगावे, की उष्णता म्हणजे देण्या-घेण्याची रक्कम आहे, तिची बेरीज होते. तापमान ही अवस्था आहे, तिची अशी बेरीज होत नाही.

'वस्तूतील उष्णता' असे लिहिण्याचा मोह झाला, की वरच्या वर्गांत 'आंतरिक ऊर्जा' लिहावे आणि खालच्या वर्गांत 'वस्तूच्या कणांची ऊर्जा' म्हणावे. 'अप्रकट उष्मा', 'विशिष्ट उष्मा' हे रूढ शब्द बदलण्याची गरज नाही. परीक्षेत तेच येणार आहेत. फक्त शिकवताना वितळणाऱ्या बर्फाला कोणाकडून किती उष्णता मिळाली, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

आता त्या उत्तरपत्रिकेकडे परत येऊ. 'बर्फाला उष्णता दिली' यात चतुर्थी होती, आणि ती बरोबर होती. 'त्याची उष्णता वाढत नाही' यात षष्ठी होती, आणि तीही बरोबर होती. षष्ठीच्या पुढे 'तापमान' हा शब्द हवा होता, एवढेच. विभक्ती तिला कळली होती, म्हणजे फरकही कळला होता. तिला न सापडलेला एक शब्द आम्ही पुरवायचा होता; ते न करता आम्ही विसंगतीचा शेरा मारला.

आता आम्ही अशा ठिकाणी लाल रेघ मारीत नाही. 'उष्णता' शब्दावर लहानसा गोल करतो आणि समासात 'कोणाकडून कोणाला?' किंवा 'कोणाचे?' यांपैकी लागू पडेल तो प्रश्न लिहितो. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर बहुतेक मुले शब्द आपला आपणच बदलतात. आपल्या वर्गात हे करून पाहावे आणि काय अनुभव येतो ते अवश्य कळवावे.